धोंड्याचा महिना आणि इंग्रजीचा पेपर

आमच्या घराच्या भिंती पऱ्हाटीच्या होत्या. कपाशी वेचून झाली की शेतातली वाळलेली झाडं उपटून आणायची, त्यांचा कूड बांधायचा आणि वरून शेणमातीचा हात फिरवायचा. पावसाळ्यात लिंपण गळून पडे. मग आतला दिवा रस्त्यावरून दिसे आणि रस्त्यावरचं कुत्रं आतून दिसे. माय म्हणायची, "आपलं घर म्हंजे चाळणी. पीठ खाली, कोंडा वर." त्यात आम्ही पीठ की कोंडा, हे तिनं कधी सांगितलं नाही.

गाव उंद्रीपासून आत, कच्च्या रस्त्यानं चालत जायचं. मी लहान असतानाच आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि गावकीची कामं टाकली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, दवंडी द्यायची नाही, सांगावे घेऊन गावोगाव पळायचं नाही. काम टाकलं तसं खळ्यावर मिळणारं धान्यही गेलं. शिवाय गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी काही हंगाम आमच्या बायकांना निंदणालाही बोलावलं नाही. माय दुसऱ्या गावच्या शिवारात कामाला जायची आणि रेशनची लाल मिलो ज्वारी शिजवून आम्हाला घालायची. त्या पिठाची भाकर थापता थापता तुटायची. बा ते तुकडे ताटात जुळवून गोल करायचा आणि म्हणायचा, "हे पाह्य, झाली का नाई भाकर?"

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते कळावं म्हणून सांगते. ज्या माणसानं खळ्यावरची पायली सोडली पण नेम सोडला नाही, त्या माणसाची मी लेक आहे, आणि त्याच्या नेमामुळेच माझं शिक्षण संपायची वेळ आली होती.

मी उंद्रीच्या हायस्कूलमध्ये मॅट्रिकपर्यंत गेले. वस्तीतली तिथवर गेलेली मीच पहिली मुलगी. मार्चच्या परीक्षेत इंग्रजीनं मला पाडलं. निकाल कळला त्या दिवशी बा जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाला, "ऑक्टोबरची परीक्षा असते म्हंते. तेवढी दे. झाली पास त तुई शाळा पुढं. नाई झाली त जळगाव जामोदवाले दिवाळीनंतर येऊन राह्यले."

जळगाव जामोदवाले म्हणजे मुलाकडचे. मुलगा तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जंगलखात्यात रोजंदारीवर होता. वाईट नसावा. पण मला तो नको होता, मला कॉलेज हवं होतं. कॉलेज म्हणजे काय ते मी पाहिलेलं नव्हतं. खामगावला एसटीतून जाताना एकदा एक दगडी इमारत दिसली होती आणि तिच्या पायऱ्यांवर दोन मुली पुस्तकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणी त्यांना ऊठ म्हणत नव्हतं. तेवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

आता वर्षावासाचं सांगायला हवं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षू एकाच जागी राहतात, गावोगाव फिरत नाहीत. त्याला वर्षावास म्हणतात. आमच्याकडे भिक्षू नव्हता. विहार होता, म्हणजे लाकडी खांबांवर टिनाचं छप्पर, एक ओटा आणि कुलपाची एक पेटी. म्हणून वस्तीनं ठरवलं होतं, त्या तीन महिन्यांत रोज दिवेलागणीला विहारात बुद्धाच्या चरित्राचा आणि धम्माचा ग्रंथ वाचायचा. ग्रंथ नागपूरहून आणलेला होता आणि हिंदीत होता. आधी एक तरुण वाचायचा, तो पोलिसात लागून निघून गेला. उरलेल्या पोरांपैकी जो तो अक्षराला अडखळायचा. मी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या होत्या. मी एक वाक्य हिंदीत वाचायची आणि लगेच तेच वऱ्हाडीत सांगायची. म्हाताऱ्या बायका हिंदी वाचलं जात असताना वाती वळत आणि वऱ्हाडी सुरू झालं की हात थांबवत.

त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला विहारात सगळे बसले. आमच्या वस्तीचे बुढेबाबा, ज्यांच्या शब्दाला मान होता, ते म्हणाले, "पोरगी वाचते, चांगलं हाये. पण मधीच दांडी नको."

तेव्हा माझा बा उठून उभा राहिला. "दांडी काऊन होईन? भिक्षू एका जागी राह्यते, तसा वाचणाऱ्यानं बी राह्यलं पाह्यजे. वर्षावास संपेपर्यंत वाचणारानं गावाबाहेर रात काढायची नाई, अन् एक बी सांज वाचन तुटू द्यायचं नाई. माया पोरीसाठी मी शब्द देतो."

असा नेम कुठं लिहिलेला नव्हता. पण ऐकायला बरा वाटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नव्या धर्मात आमचं सगळंच नवं होतं, नेमाची भूक मोठी होती. मीही बोटांवर महिने मोजले. तीन पौर्णिमा जातील, मग परीक्षा. वाचन संपल्यावर चिखलीला मावशीकडे राहून सगळे पेपर देता येतील. चिखलीलाच परीक्षेचं केंद्र होतं.

निंदणाचे दिवस आले. माय एका संध्याकाळी कामावरून आली ती दारातच थांबली. पाटलाच्या शेतात पुन्हा बोलावणं सुरू झालं होतं, तिथून आली होती.

"पाटलाच्या घरी जावई आला," ती म्हणाली. "अनारसे तळून राह्यले. चांदीचं ताट काढलं."

"मंग?" बा म्हणाला.

"मंग काय. धोंड्याचा महिना हाये म्हंते. दोन श्रावण हायेत औंदा."

मी पाटीवर इंग्रजी क्रियापदं लिहीत होते. हात थांबला. धोंडा म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, लोक जावयाला वाण देतात. एक श्रावण जादा, म्हणजे आश्विन एक महिना पुढं. म्हणजे आश्विन पौर्णिमा परीक्षेच्या आधी नव्हती. परीक्षा वर्षावासाच्या पोटात आली होती.

अख्ख्या वस्तीत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कोणाच्या घरी पंचांगच नव्हतं. पंचांग, मुहूर्त, सोवळं सगळं आम्ही एकाच गाठोड्यात बांधून नदीत सोडलं होतं. मी शाळेत जात असते तर भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसलं असतं. पण मी तर नापास होऊन घरी बसले होते.

दुसऱ्या दिवशी विहारात वाचनाआधी वाद सुरू झाला.

"धोंडा आपण मानतच नाई," एक जण म्हणाला. "तीन महिने म्हंजे तीन महिने. भादव्यात संपवा."

"भादव्यात?" बुढेबाबा म्हणाले. "आश्विनात आपण धम्म घेतला बे. त्या दिवशी विहारात ग्रंथ बंद ठेवतो का?"

"पण धोंडा बामणाचा हाये."

"अन् चंद्र कोणाचा हाये? तो बी बामणाचा का?"

लोक हसले. मी हसले नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, राजपुत्रानं घर सोडलं तवा त्याचा बी इंग्रजीचा पेपर होता का?" तेव्हा तर जास्तच हसले.

एक काकू हळूच म्हणाली, "बरंच झालं. तरणी पोट्टी, चिखलीत रातीची राह्यन कशाले?" तेव्हा मला समजलं की काही जणांना नेमाशी काही देणंघेणं नव्हतं. नेम त्यांना आयता मिळाला होता.

माय विहारात कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "धोंडा आपण मानत नाई म्हंता. मंग धोंड्याचा महिना माया पोरीच्याच डोक्शावर काऊन?"

सगळे माझ्या बाकडे पाहू लागले. शब्द त्यानं दिला होता, तोच मागे घेऊ शकत होता. बानं पागोट्याचं टोक सोडलं, पुन्हा खोचलं. म्हणाला, "आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचन होईन. माया शब्द हाये." एवढं बोलून तो बाहेर गेला.

मी त्या दिवशी वाचलं. कसं वाचलं ते आठवत नाही.

घरी कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाही. भाकर ठेवायची आणि उठायची. तोही विचारायचा नाही. एकदा माय म्हणाली, "दोघं बी एकाच मातीचे. भिजले त गारा, वाळले त ढेकूळ."

वाट एकच उरली होती, रोज जाऊन रोज परत यायचं. पहाटे पायी उंद्री, तिथून एसटीनं चिखली, पेपर, परतीच्या गाडीनं उंद्री, पुन्हा पायी गाव आणि दिवेलागणीला विहार. सगळे पेपर सकाळचे होते, त्यामुळे जमत होतं. फक्त इंग्रजीचा दुसरा पेपर दुपारी होता. उंद्रीकडची शेवटची गाडी तो पेपर सुटायच्या आधी निघायची. म्हणजे ज्या विषयात मी पडले होते, त्याच विषयाचा पेपर अर्धा सोडून उठायचं, नाहीतर वाचन तोडायचं.

मी हे घरात सगळ्यांसमोर सांगितलं. बुढेबाबांनाही सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. विचार करून म्हणाले, "बेटा, येईन तेवढं भरभर लिह्य अन् गाडी धर. हुशार हाये तू." बा कोपऱ्यात दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

परीक्षेचे दिवस असे गेले की मी पेपरात वाक्यं लिहायची आणि विहारात तेच हात ग्रंथाची पानं उलटायचे, बोटांना शाई लागलेली. एका संध्याकाळी गाडी उशिरा आली. मी उंद्रीपासून पळत सुटले. विहारात पोचले तेव्हा कंदील लावून सगळे गप्प बसले होते. कोणी रागावलं नाही. पण ग्रंथ पाटावर उघडून ठेवलेला होता आणि सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडे होत्या. ते गप्प बसणंच मला जास्त लागलं.

इंग्रजीच्या दिवशी बा म्हणाला, "मी येतो." आतापर्यंत तो फक्त उंद्रीच्या स्टँडपर्यंत यायचा. त्या दिवशी काखेत एक गाठोडं होतं, धोतराच्या जुन्या पानात बांधलेलं. मला वाटलं, भाकरी असतील. गाडीत आम्ही शेजारी बसलो. तो खिडकीतून कपाशीकडे पाहत होता, कुठं बोंडं फुटली, कुठं नाही. चिखली येईपर्यंत एकच वाक्य बोलला, "तहान लागली त सांग."

सकाळचा पेपर झाला. दुपारचा सुरू झाला. माझी जागा खिडकीजवळ होती. कंपाउंडच्या बाहेर कडुनिंबाखाली बा उकिडवा बसलेला दिसत होता, गाठोडं मांडीवर. त्याच्यापुढून खामगावकडे जाणारा रस्ता. उंद्रीची गाडी त्याच रस्त्यानं जायची.

मी भरभर लिहायला घेतलं. निबंध तोडका केला. पत्र तर पत्ता आणि दोन ओळींत उरकलं. भाषांतराचा प्रश्न सर्वांत मोठा होता आणि मार्चमध्ये मी तिथंच बुडाले होते. विहिरीत पडलेल्या बैलाचा मराठी उतारा होता, तो इंग्रजीत करायचा. मार्चमध्ये मी शब्दाला शब्द लावत बसले होते आणि वाक्य कुठंतरी मध्येच मोडायचं. या वेळी उतारा वाचला आणि मनात आलं, हे तर मी रोज करते. विहारात शब्द कोण धरतं? वाक्य पुरतं ऐकायचं, ते कोणाला सांगायचं ते पाहायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. मी तसं करायला लागले. बैल विहिरीतून निघायचा होता, तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

गाडी स्टँडवरून निघाली होती. इथवर यायला तिला फार वेळ लागणार नव्हता. हात केला की ड्रायव्हर थांबायचे. मी पेन बंद केलं. उत्तरपत्रिका दुमडली. उठून उभी राहिले.

पर्यवेक्षक म्हणाले, "अजून वेळ आहे, बाई."

"मले जायचं हाये," मी म्हणाले, आणि खिडकीतून बाकडे पाहिलं, तो उठला का ते बघायला.

बा उठला नव्हता. तो माझ्याकडेच बघत होता. त्याच्यामागून लाल गाडी आली, धूळ उडाली. त्यानं गाडीला हात केला नाही. धुळीतून त्याचा हात दिसला, पालथा पंजा, खाली दाबल्यासारखा. बसून राह्य. मग त्यानं बोटांनी हवेत लिहिल्यासारखं केलं. त्या माणसाला लिहिता येत नव्हतं. अंगठ्याच्या जागी सही करायची म्हणून मी त्याला त्याचं नाव गिरवायला शिकवलं होतं, तेवढंच.

गाडी गेली. मी खाली बसले. बैल विहिरीतून काढला. पत्र पुन्हा लिहिलं. निबंधाला शेवट दिला. घंटा झाली तेव्हा माझ्यापुढं एकही प्रश्न उरला नव्हता.

बाहेर आले. बाला काही विचारायची हिंमत होत नव्हती. गावात या वेळी कंदील पुसत असतील. मी म्हणाले, "बा, वाचन तुटलं."

"काऊन तुटन?" तो म्हणाला आणि गाठोड्याची गाठ सोडली. आत ग्रंथ होता. विहारातला. पेटीची किल्ली त्याच्याकडेच असायची. पहाटे कुलूप उघडून त्यानं तो उचलला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"मावशीच्या घरी चाल. तिथं वाच."

दिवेलागणीला मावशीच्या अंगणात मी पाट मांडला. चिखलीच्या त्या वस्तीत वाचन होत नसे. शेजारच्या बायका कुतूहलानं आल्या, मग माणसं आली. मी वाक्य हिंदीत वाचलं, वऱ्हाडीत सांगितलं. बा सगळ्यात मागे बसला होता, नेहमीसारखा. माझा आवाज थकलेला होता, पण एक ओळ गाळली नाही. रात्री ग्रंथ माझ्या उशाशी ठेवला. बानंच ठेवायला सांगितलं.

सकाळच्या गाडीनं परत आलो. विहाराच्या ओट्यावर बुढेबाबा बसले होते. आणखी काही जण उभे होते. रात्रीपासून खळबळ होती, कारण पेटी उघडी आणि रिकामी दिसली, तेव्हा ग्रंथ चोरीला गेला असंच सगळ्यांना वाटलं होतं.

"काल कंदील लावून बसलो आमी," बुढेबाबा म्हणाले. "पाटावर ग्रंथ नाई."

"मी नेला," बा म्हणाला.

"कोणाले इचारून?"

"कोणाले नाई. इचारलं असतं त तुमी नाई म्हटलं असतं. मंग नेता आला नसता."

कोणीतरी हसू दाबलं. बुढेबाबा हसले नाहीत. "अन् नेम? रात गावाबाहेर काढली पोरीनं."

"वाचन एक सांज बी तुटलं नाई. चिखलीत झालं. पोरगी ग्रंथापाशीच झोपली. ग्रंथ जिथं, तिथं वर्षावास."

"हे कोणत्या पानावर लिवलं हाये?"

"पानावर नाई," बा म्हणाला. "नेम तरी कुठं पानावर होता? तो बी मीच काढला होता."

बुढेबाबा काठीनं ओट्यावर रेघा ओढत राहिले. मग हात पुढं केला. "किल्ली दे."

बानं कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातात ठेवली. मला ते बघवलं नाही. विहार बांधताना टिनाचं छप्पर डोक्यावर वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि ती किल्ली हाच त्याचा एक मान होता. तो एवढंच म्हणाला, "कुलपाले तेल लागते मधून मधून. नाईतर अडते."

मग बुढेबाबा माझ्याकडे वळले. "काल कुठपर्यंत आलं होतं?"

मी पान सांगितलं.

"ते चिखलीवाल्यांनी ऐकलं. आमचं राह्यलं. आज तेच पुन्हा वाच, मंग पुढचं."

संध्याकाळी मी कालचं आणि आजचं, दोन्ही वाचलं. बा मागे बसला होता. आश्विन पौर्णिमेपर्यंत एक सांज तुटली नाही. किल्ली मात्र त्याच्याकडे पुन्हा आली नाही, आणि त्यानं ती मागितलीही नाही. पुढच्या वर्षी मावशीच्या वस्तीनं आपला ग्रंथ मागवला आणि वाचन सुरू केलं, हे ऐकून तो फक्त "हाव?" म्हणाला.

निकाल उंद्रीच्या शाळेत लागला. बानं मला पुढं ढकललं आणि स्वतः फळ्यापासून दूर उभा राहिला. मी वळून मान डोलावली. तो म्हणाला, "मंग चाल, माय वाट पाहून राह्यली." रस्त्यात त्यानं जळगाव जामोदला निरोप धाडायचं ठरवलं, की आमची पोरगी सध्या शिकून राह्यली आहे.

मी खामगावच्या कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले. आमच्या घरातली आणि आमच्या वस्तीतली ती पहिली पदवी.